आपली फाईल नेमकी कुठं राहते?

चार माणसांच्या ऑफिसात एक निर्णय लटकून राहिला की किस्से आपोआप साठतात, मुद्दाम काही करावं लागत नाही. समता कॉलोनीत दाताच्या दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस. ॲपच्या स्क्रीन डिझाईन करायचो. छत्तीसगढची राजधानी नवी, त्यामुळे प्रत्येक खात्याला स्वतःचं ॲप पाहिजे होतं. आम्हाला एवढंच ठरवायचं होतं की डिझाईन कशात करायचं: कॉम्प्युटरवर बसवलेलं जुनं सॉफ्टवेअर, की ब्राउझरमध्ये उघडणारं नवं. सहा महिने लागले, अन् तेवढ्यात आम्ही एकमेकांकडे संशयानं पाहायला शिकलो.

*

मालक वानखेडे सर मूळचे अमरावतीचे. त्यांना नवं सॉफ्टवेअर मी दाखवलं.

"फाईल कुठं राहते?"

"सर्व्हरवर, सर."

"कोणाच्या?"

"कंपनीच्या."

सर म्हणाले, "म्हणजे आपले कपडे दुसऱ्याच्या गच्चीवर वाळत घालायचे. अन् तो म्हणणार, मी पाहून नाही राहिलो."

*

रामटेके दीदी आमच्यात सर्वांत सीनियर. वडील रेल्वेत होते, त्यामुळे शिस्त घरातूनच आलेली. जुन्या सॉफ्टवेअरवर त्यांचा हात असा चालायचा की पाहत राहावं. नव्याचा ट्रायल सुरू झाला अन् दुसऱ्याच दिवशी त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

"नितीन, माझं हिरवं बटन निळं काहून केलं?"

"मी हातही नाही लावला, दीदी."

नव्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं ते दिसतं. मी उघडून दाखवलं. काल सायंकाळी, बदल करणाऱ्याचं नाव: रामटेके दीदी.

दीदींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"माझ्या नावानं कोणी तरी करून राहिलं," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्या जेवायला जाताना कॉम्प्युटर बंद करून जायच्या.

*

एका तिसऱ्याच सॉफ्टवेअरचा माणूस डेमो द्यायला आला. टाय वगैरे लावून. आमच्याएवढं चांगलं कोणाचंच नाही, असं तासभर सांगितलं. आमचा डेव्हलपर अंकित मागं बसला होता. त्याला मराठी सगळं कळतं, पण बोलतो हिंदीतच. त्यानं हळूच विचारलं, "भैया, ये आपका ब्रोशर किसमें बना है?"

त्यानं ब्रोशर उलटून पाहिलं. मग खरं बोलला. ब्रोशर दीदींच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बनलं होतं.

सरांनी त्याला चहा पाजून पाठवलं. आठवडाभर दीदींची मान ताठ होती.

*

नव्या सॉफ्टवेअरमध्ये फाईल कोणी उघडली की त्याचा बाण स्क्रीनवर फिरताना दिसतो, नावासकट. एका दुपारी आमच्या फाईलमध्ये पाचवा बाण आला. त्यावर लिहिलं होतं, 'पाहुणा'.

सगळ्यांचे हात थांबले. बाण एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर सावकाश जाऊन राहिला होता, जसं कोणी वाचतंय.

"सांगितलं होतं न मी," सर म्हणाले. आवाज खाली गेलेला. "चोरी चालू झाली."

अंकितनं विचारलं, "सर, लिंक किसको भेजी थी आपने?"

सरांनी मोबाईल काढला. लिंक एकाच ठिकाणी गेली होती: त्यांच्या स्वतःच्या घरच्या कॉम्प्युटरवर, रविवारी पाहायला म्हणून. त्यांनी घरी फोन लावला. स्पीकर चुकून चालू राहिला.

"हव, मीच आहे," सरांच्या मिसेस, आमच्या काकू, म्हणाल्या. "तुम्ही दिवसभर तिथं काय करता, ते पाहावं म्हटलं."

*

निवड झाली ती पेन्शनच्या ॲपचं काम देणाऱ्या खात्याच्या साहेबांमुळे. त्यांच्या मोबाईलवर नव्या सॉफ्टवेअरची लिंक पाठवली. त्यावर ॲप अगदी खऱ्यासारखं चालायचं. साहेबांनी फोन टेबलावर ठेवला अन् खुर्ची थोडी मागं घेतली. "पहले आप दबाइए."

सरांनी दाबलं. काही झालं नाही, नुसती पुढची स्क्रीन आली. साहेब हसले अन् नवं सॉफ्टवेअर पक्कं झालं. दीदी म्हणाल्या, "मले मान्य आहे. पण खरी माणसं वापरतील, तेव्हा पाहू."

*

खरी माणसं आम्हाला ब्राह्मणपाऱ्यातल्या पेन्शन शिबिरात भेटली. साहेबही आले होते. नमुना तयार होता, पण तो नमुनाच. आत काहीही टाईप करा, शेवटची स्क्रीन एकच: आम्ही आधीच बसवलेली.

पहिली आली सुकवारो बाई, भाजी विकणारी. विधवा पेन्शनसाठी दोन वर्षं चकरा मारत होती. हा फक्त सराव आहे, असं दीदींनी तिला दोनदा सांगितलं. बाईनं मान हलवली. तिचं नाव अंकितनं टाईप केलं, बटन तिनं स्वतः दाबलं. स्क्रीनवर हिरवी खूण आली. दीदींनी सवयीनं मोठ्यानं वाचलं, "रमेश कुमार, आपका आवेदन स्वीकार हुआ."

बाईनं आमच्याकडे एकेक करून पाहिलं.

"ये रमेश कोन ए?" तिनं विचारलं. "मोर अरजी ओला काबर दे देव?"

रमेश कोणी नाही, ते नमुन्यातलं नाव आहे, असं मी सांगितलं. दीदींनी सांगितलं. तिचा अर्ज रमेशला गेलेला नाही, हे अंकितनं छत्तीसगढीत समजावलं. ती खुर्चीवरून उठली नाही.

शेवटी साहेबांनी कोरा कागद घेतला, आपल्या हातानं तिचा अर्ज लिहिला, सही केली, शिक्का मारला अन् पोचपावती तिच्या हातात दिली.

तिला वाचता येत नव्हतं. तिनं पावती घेतली अन् मला खिडकीपाशी नेलं. "पढ़." मी वाचलं: सुकवारो बाई. कागद परत घेऊन ती दीदींना दाराबाहेर घेऊन गेली. मग अंकितला, जिन्याखाली. आम्हा तिघांना एकमेकांचं ऐकू येणार नाही, इतक्या लांब.

मग तिनं पावती पदरात बांधली.