पोत्यावरचं इंजिन

आज दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालताना हाताला ऑइलचा वास आला आणि सेलूचं गॅरेज आठवलं.

तेव्हाही दसराच होता. बाबांच्या जुन्या छोट्या गाडीत दुसरं इंजिन, नवं वायरिंग बसलं होतं. काढलेलं इंजिन पोत्यावर पडलं होतं. बाबा पूजेचं ताट घेऊन मधेच घुटमळले.

"काका, गाडी इकडं हाये ना," मिस्त्री म्हणाला.

"मंग इतके वर्सं मले कोनं फिरवलं?" बाबांनी पोत्यावरच्या इंजिनाला कुंकू लावलं. नारळ मात्र गाडीपुढं फोडला. मी खूप हसलो होतो.

हल्ली बाबांना काही आठवत नाही. मघाशी मी त्यांच्या हातात आपट्याची पानं दिली. चेहरा तोच, खोकला तोच.

"तुम्ही कोनाचे?" त्यांनी विचारलं.

पाया पडायला वाकलेला मी मधेच घुटमळलो.