उघड्या मानेची पिल्लं

घरात एकच कोंबडा होता आणि तो मी कापायला दिला. चुकून नाही, चांगला विचार करून. तो विचार आठवला की अजून माझं मलाच हसू आवरत नाही.

माझं माहेर आमगावचं, किराणा दुकानाचं. अंड्याचं टरफलही आमच्या उंबऱ्याच्या आत येत नसे. पोरं कुठून येतात असं विचारलं की आई म्हणायची, "देव देते." मी ते मान्य करून टाकलं होतं. देश स्वतंत्र होऊन चारेक वर्षं झाली असतील, तेव्हा अठरा वर्षांची ही घोडी तेवढ्याच अकलेवर देवरीकडच्या एका शेतकऱ्याघरी सून म्हणून आली.

त्या साली मानमोडीच्या रोगानं गावातल्या कोंबड्या पटापट मेल्या होत्या. आमच्या अंगणात उरल्या चार कोंबड्या आणि तो एक कोंबडा. त्यांचं सगळं माझ्याकडे आलं. कोंबडा दिवसभर तुरा ताठ करून फिरायचा, दाण्यावर सगळ्यांच्या आधी तुटून पडायचा, आणि मनात आलं की एखाद्या कोंबडीच्या पाठीवर चढून तिच्या मानेची पिसं चोचीत धरायचा. मला वाटे, मेला बायकांना मारतो! मी केरसुणी घेऊन धावायची. ओसरीवर बसलेले सासरे तोंड फिरवून खोकायचे. मला वाटायचं, त्यांना तंबाखूचा ठसका लागला.

धानकापणीच्या दिवसांत कोहमाऱ्याहून पाहुणे आले. सासूबाई धानाच्या बांधीवर जाता जाता म्हणाल्या, "ते म्हातारी कोंबडी दे कापायले. अंडे देत नाई आता."

मी खुराड्यासमोर बसून न्याय केला. म्हातारीनं जन्मभर अंडी दिली, आणि या दांडग्यानं? एक तरी? मी कोंबडा धरून दिला.

संध्याकाळी सासूबाई परतल्या. पाहुणे जेवत होते आणि म्हातारी अंगणात माती उकरत होती.

"काऊन वं, हे जित्ती कशी?"

"आत्याबाई, मी कोंबडा दिला," मी छाती फुगवून सांगितलं. "आजवर एक अंडं तरी दिलं का त्यानं?"

पाहुण्यांचे घास हातातच राहिले. मग एकाला असं हसू फुटलं, की रस्सा त्याच्या नाकात गेला.

सासूबाईंनी मला दंडाला धरून घराच्या मागं नेलं आणि माझ्या आईनं अठरा वर्षांत जे सांगितलं नव्हतं ते कोंबडा-कोंबडीच्या नावानं दोन वाक्यांत सांगून टाकलं. वर म्हणाल्या, "आन मानसाईचंबी असंच राह्यते." लग्न झाल्यावर जे मला कळलं होतं आणि पोरांबद्दल आईनं जे सांगितलं होतं, त्या दोहोंची गाठ त्या दिवशी पहिल्यांदा पडली. कितीतरी दिवस मी नवऱ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. तो बिचारा, भाजीत मीठ जास्त झालं का, एवढंच विचारत राहिला.

शिक्षाही तिथंच झाली. "फागुनात बहिनीचं लगीन हाये ना तुह्या? अंगनात पिल्लं फिरतील तवा जाजो. तवरक माहेराचं नाव नोको काढू."

माझी एकुलती एक धाकटी बहीण. एका गोधडीत झोपून मोठ्या झालो आम्ही. तिला हळद लागणार आणि मी इथं खुराडं झाडत बसणार?

पिल्लं पाहिजेत तर कोंबडा पाहिजे. रोगातून वाचलेला दुसरा कोंबडा होता शेजारी, चुलतसासूकडे. त्याच्या मानेवर एक पीस नव्हतं, जसा न्हाव्याकडून अर्धाच उठून आलेला. पण मोहाच्या एका झाडावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं. मागायचा कसा?

मी मागितला नाही. मधल्या तुराट्यांच्या कुंपणातल्या दोन काड्या उपसल्या आणि त्या भोकापासून खुराड्यापर्यंत तांदळाची कणी पेरली. आधी ती उघडी मान यायची, इकडंतिकडं पाहायची, मग जावईबापू स्वतः यायचे. केरसुणी घेऊन मी अजूनही धावायची, पण आता मध्येच भुंकणाऱ्या कुत्र्यावर!

म्हातारी खुडूक झाली, तशी तणस घातलेल्या टोपलीत बाकीच्यांची अंडी घालून तिलाच बसवली. जिला मी सुरीखालून सोडवली, तीच आता माझी लाज राखायला बसली होती. काही दिवसांनी सासूबाईंनी अंधाऱ्या कोठीत बोलावलं. छपराच्या कवेलूंच्या फटीतून येणाऱ्या तिरिपेत अंडं धरलं. आत तांबडे, केसाएवढे बारीक धागे पसरले होते, आणि मधला ठिपका हलत होता. पुढं माझ्या पोटात पहिल्यांदा काही हललं, तेव्हा मला तो ठिपकाच आठवला.

फागुन लागला आणि टोपलीत चिवचिव झाली. पिल्लं अंगणात उतरली. मी नाचायचीच बाकी होते. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

"हे पिल्लं माह्या कोंबड्याचे होत! माना पाहा न त्याईच्या!"

मी पाहिलं. एकजात सगळ्यांच्या माना उघड्या. बापानं सही करून ठेवली होती.

सासूबाई कुंपणापाशी गेल्या. भोक पाहिलं. कणी पाहिली. मग मला पाहिलं. आमगावची बैलगाडी माझ्याशिवाय निघालेली मला डोळ्यांपुढं दिसली.

"मंग आपन इहीन-इहीन झालो म्हना," इतक्या दिवसांनी त्या जावेशी बोलल्या, त्याही विहीण म्हणून. "या अंदर, इहीनबाई. चाय मांडतो."

चुलतसासू पदर तोंडाला लावून म्हणाली, "आंदन काय देता आमच्या नवरदेवाले?"

"दोन पिल्लं घेऊन जा."

तिसऱ्या दिवशी मी नवी साडी नेसून गाडीत चढले. खुराड्यावर उघड्या मानेचे जावईबापू उभे राहून बांग देत होते, हाकलायला कुणी नव्हतं. सासूबाई चाकापाशी आल्या, माझ्या ओटीत नारळ घातला आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बहिनीले समजावून सांगजो वं. तुह्या मायनं तिलेबी काई सांगतलं नसन. तिले म्हन, सासरी काईबी कर, पन कोंबडा कापू नोको."