दादांचे ब्रेक आणि पुढची सीट

दिवेआगरला दादांची वाडी आहे. मी तिथे पाडेली होतो. नारळी-पोफळीवर चढून फळ उतरवायचं हे काम. गुडघे संपले तेव्हा चढणं सोडलं. आता दादा गाडी काढतात आणि मी शेजारी बसतो. नुसतं बसण्यात कसले कष्ट, असं लोकांना वाटतं. त्यांनी दादांच्या शेजारी बसून बघावं.

गाडी छोटी, पांढरी, स्वस्तातली. दादा ती कधी जोरात पळवत नाहीत. तरी तिने एकदा गावातल्या केसरच्या वाडीचं कुंपण मोडलं आणि एकदा गवताच्या बैलगाडीत तोंड घातलं. दुसऱ्या खेपेला पुढच्या सीटवर अनुसूयावहिनी होत्या, मांडीवर फणसाच्या भाजीचं पातेलं. भाजी काचेपर्यंत गेली. वहिनी घरी आल्या, साडी बदलली आणि या गाडीत पुन्हा बसणार नाही म्हणाल्या.

दादांना ते फार लागलं. दारात गाडी असून बायको मिनिडोर रिक्षाने बाजारात जाते, आणि मिनिडोरवाला दादांना हॉर्न वाजवून नमस्कार करतो. त्यात त्यांच्या मुलीचं, भार्गवीचं, डोहाळजेवण श्रीवर्धनला ठरलं. तिथे सगळे व्याही दारात उभे असणार. वहिनी मिनिडोरमधून उतरल्या आणि आपण गाडीतून, तर तोंड दाखवायचं कसं, ही दादांची काळजी.

दोष ब्रेकचा, असं दादांनी ठरवलं. मीही हो म्हटलं.

साहिल मेकॅनिकने गाडी फिरवून आणली. ब्रेक दाबला तिथे थांबत होती. गाडी हलकी आहे, पॅड आणि ब्रेकचं तेल बदला, टायर बरे घ्या, पुष्कळ झालं, असं तो म्हणाला. दादांना मोठ्या गाडीच्या ब्रेक डिस्क हव्या होत्या.

"दादा, म्हशीचं दावं शेळीला बांधताय."

"बांध," दादा म्हणाले.

डिस्क जुन्या चाकांत मावेनात, म्हणून चाकंही बदलली. मी शेजारी बसून बघत होतो. काम गरजेचं नव्हतं, पण चोख होतं. एकही नट त्याने दोनदा फिरवला नाही.

मग परीक्षा. समुद्राकडच्या मोकळ्या माळावर गेलो. वहिनींच्या जागी दादांनी भोपळा ठेवला, त्याला पट्टा लावला. मी मागे. पूर्वी ब्रेकला दादांचा अख्खा पाय लागायचा, आता अंगठा पुरला. गाडी जागच्या जागी उभी. भोपळा हलला नाही. माझं नाक सीटवर आपटलं, पण नाकाची चौकशी कोणी केली नाही.

दादांनी भोपळा वहिनींपुढे नेऊन ठेवला. एक ओरखडा दाखव म्हणाले.

"भोपळ्याला डोळे नसतात," वहिनी म्हणाल्या आणि संध्याकाळी त्याचे घारगे केले.

डोहाळजेवणाच्या दिवशी ओटीचं सामान गाडीत आणि वहिनी मिनिडोरमध्ये, मागच्या उलट्या सीटवर, तोंड आमच्याकडे. दादांनी गाडी मागोमाग लावली. निदान सोबत आलो असं दिसावं.

रस्त्याला दोन्हीकडे वाड्या. दादांची वाडी वादळात आडवी झाली. नव्या पोफळींना अजून फळ नाही, म्हणून त्यांची नजर दुसऱ्यांच्या शेंड्यांवर. माझी तर जन्माची सवय. घड कोणाचे भरले, कोणाचे गळले, हे आमचं बोलणं चाललं होतं. केसरच्या वाडीत एक घड पिकून तसाच लटकत होता. चढायचा आळस, दुसरं काय. दादांनी कुठला म्हणून विचारलं. मी बोट वर केलं.

तेवढ्यात वहिनींची हाक आली. मिनिडोर माणूस घ्यायला थांबली होती. दादांचा अंगठा पडला. वहिनींचे गुडघे आणि आमचं बॉनेट यांच्यामध्ये एक नारळ मावला असता.

वहिनी उतरून खिडकीशी आल्या. आवाज चढवला नाही.

"अहो, तिथून मला काय दिसलं सांगू? दोन गळे. तोंड एकालाही नाही."

"पण ब्रेक बघितलेस ना?"

"बघितले. छान आहेत. आता साहिलकडे मान बदलून मिळते का विचारा." मग माझ्याकडे वळल्या. "रामचंद्र, मागे."

"व्हय, वहिनी."

त्या पुढे बसल्या. खाली तुम्ही बघायचं, वर मी बघेन आणि सांगेन, असा करार झाला. मिनिडोरवाल्याने हॉर्न वाजवला आणि गेला.

पहिल्यांदा वहिनींचं सांगणं काही कामाचं नव्हतं. झाड आहे. हिरवं आहे. घड किती, तर आहेत. दादा दात खात होते, पण मान खाली. मी मागून हळूच सांगत गेलो, झावळ्या सोडा, त्यांच्या बुडाशी बघा. आरावी गाव येईपर्यंत वहिनींची नजर बसली.

"अहो, थांबा थांबा. पाच घड."

अंगठा पडला. गाडी जागच्या जागी. ओटीचे नारळ माझ्या पायांवर आले आणि तांदूळ पुढे उडून दादांच्या डोक्यावर.

श्रीवर्धनला उशीर झाला. व्याही दारातच उभे होते. वहिनी पुढच्या सीटवरून उतरल्या, दादांना हवं होतं अगदी तसं. दादांच्या केसांत तांदूळ. भार्गवीने उशीर का म्हणून विचारलं.

"एका पोफळीला पाच घड होते," वहिनी म्हणाल्या.

ब्रेकचा फायदा झाला का, हे साहिल मला अजून विचारतो. वहिनींना झाला, असं मी सांगतो. त्यांना पाहिजे तिथे थांबता येतं.

परतताना त्या सगळ्यांच्या आधी गाडीत जाऊन बसल्या. जाताना उजवीकडच्या वाड्या बघायच्या राहिल्या होत्या.