कामगार कायद्याचा पेपर

लॉच्या शेवटच्या वर्षाला ऐच्छिक विषय निवडायचे होते, तेव्हा पप्पा पहिल्यांदाच माझ्या अभ्यासाबद्दल काही बोलले. "कामगार कायदा घे," म्हणाले. ते महाळुंग्याच्या एका कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनवर होते. हात वाचवणारा गार्ड काढलेल्या मशीनवर काम करायला त्यांनी नकार दिला, सुपरवायझरशी शब्दाने शब्द वाढला आणि कंपनीने त्यांना निलंबित करून चौकशी लावली.

कॉलेजातल्या मॅडमचं मत वेगळं होतं. "सगळे कंत्राटी झालेत, कामगार कायद्यात आता काय उरलंय? कंपनी कायदा घे. माणच्या आयटी पार्कात चांगली नोकरी लागेल." तशी नोकरी मलाही हवी होती. कासारवाडीच्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं होतं. तरी मी कामगार कायदा घेतला. पप्पांकडे बघून नाही म्हणवेना.

कंपनीच्या चौकशीत पप्पांच्या बाजूने सहकारी कामगार बसायचा, बाहेरच्या माणसाला, म्हणजे मलाही, जाता येत नव्हतं. सुनावणीहून आले की ते खुर्चीत बसून काय काय विचारलं ते सांगायचे आणि मी पुस्तक उघडून समजावायचे. "मला दाखवल्याशिवाय कशावरही सही करू नका," असं बजावलं की ते मान हलवायचे.

मग वकिलीसाठीची बार परीक्षा आली. पहिल्या वर्षी दंडविधानाची कलमं घोकली होती, तो कायदाच मधे बदलला. खून म्हटलं की तोंडात तीनशे दोन यायचं, आता ते एकशे तीन. फसवणुकीचं चारशे वीसही गेलं. "मग लबाड माणसाला आता काय म्हणायचं?" आईने विचारलं. मी हसले आणि पुन्हा नवी कलमं घोकायला लागले. परीक्षेच्या आठवड्यात पप्पा म्हणाले, "चौकशी पुढं ढकललीय. तू तुझं बघ." मला हायसं वाटलं.

पेपर सुटला तेव्हा ते केंद्राबाहेर स्कूटर घेऊन उभे होते. टपरीवर चहा सांगितला. कामगार कायद्याचे प्रश्न सोपे होते, हे मी उत्साहाने सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं.

"मी राजीनामा दिलाय," ते म्हणाले.

"कधी?"

"सोमवारी."

"मला का नाही विचारलं?"

"तुझा पेपर होता."

बडतर्फ केलं तर कुठल्याच कंपनीत उभं करणार नाहीत, असं कंपनीच्या साहेबाने त्यांना सांगितलं होतं. 'स्वखुशीने' हा शब्दही त्यानेच सांगितला, पप्पांनी लिहिला. दबावाखाली घेतलेल्या राजीनाम्याला कोर्टात आव्हान देता येतं, पण दबाव सिद्ध करायला जीव जातो, हे मी त्यांना सांगितलं. आपण लढू, असंही म्हणाले.

"नको," ते म्हणाले. "तिथं परत उभं राहायची ताकद न्हाई आता."

चहा तसाच राहिला. त्यांनी पैसे दिले आणि स्कूटर चालू केली.

मी पास झाले. पप्पांनी बुद्धविहारात पेढे वाटले, लेक वकील झाली म्हणून. हल्ली ते मोशीच्या एका सोसायटीत वॉचमन आहेत. मी पिंपरीत एका ज्येष्ठ वकिलांकडे बसते, कामगारांच्याच केसेस बघते. पप्पांची केस लावूया का, असं मी त्यांना नंतर दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ते जेवता जेवता उठले, हात धुतले आणि बाहेर गेले. आई माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही.