सोपं म्हणून लिहिलेलं वळण

आमच्या घरात मोटारसायकल चालवायची नवऱ्याने आणि रस्ता ठरवायचा मी, अशी वाटणी लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच झाली. मी शहाद्यातल्या एका शाळेच्या कार्यालयात काम करते. नवऱ्याचं शेतातल्या पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करण्याचं दुकान आहे. त्यांना सुट्टी फक्त रविवारी, तीही कुणाची मोटार जळाली नाही तर. एवढ्या कमी वेळात वाट चुकून चालत नाही, म्हणून मी वही सुरू केली.

वहीत प्रत्येक रस्त्याला दोन पानं. शेवटचा पेट्रोल पंप कुठे, पाणी कुठे, ऊन कोणत्या वळणावर थेट डोळ्यांवर येतं. फेब्रुवारीत सागाची पानं कडेला साचतात आणि चाक घसरतं. मोहाच्या दिवसांत फुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेव्हा सकाळी वळणावर धूर असतो. धडगावकडे उन्हाळ्यात आमचुरासाठी कैऱ्यांच्या फोडी वाळत घातलेल्या असतात, तिथे गाडी कडेला घ्यायची नाही. हे सगळं मी मागे बसून टिपून घेत असे.

तोरणमाळच्या घाटाची यादी सगळ्यांत लांब होती. वळणं एकापाठोपाठ एक, आणि प्रत्येकापुढे माझा शेरा: अरुंद, खड्डा आहे, समोरचं दिसत नाही, सोपं. खाली तळटीप होती: ‘उतरताना खालून वर वाचावं. डावं असेल ते उजवं समजावं.’

मागच्या हिवाळ्यात शाळेत तपासणी होती, म्हणून ते एकटेच तोरणमाळला गेले. मी यादी कागदावर उतरवून पेट्रोलच्या टाकीवर चिकटवून दिली. उतरताना ते पडले. मनगट मोडलं, गुडघा सोलला. एका जीपवाल्याने त्यांना खाली आणलं. मी कितीदा विचारलं, काय झालं? उत्तर एकच. “खडी व्हती. बस.”

वळण कोणतं ते मला जीपवाल्याकडून कळलं होतं. वहीत त्याच्यापुढे मी लिहिलं होतं: ‘उजवं, रुंद, सोपं.’ डांबर चांगलं, खड्डा नाही, आणि खडी टाकायला तिथे कुठलं कामही चालू नव्हतं. मग खडी आली कुठून?

वर्षभर ते घाटाकडे फिरकले नाहीत. शेतांवर मोटारी उतरवायला गाडीवर जायचे, पण डोंगराचं नाव निघालं की त्यांना दुकानातलं काम आठवायचं. शेवटी एका सोमवारी म्हणाले, “हाई गाडी आते इकी टाकस.” घोड्यांची जत्रा भरते त्या सारंगखेड्याला माझी बहीण दिली आहे. तिच्या नवऱ्याला ही गाडी कधीची विकत हवी होती. त्याचा लगेच फोन आला.

“साडूभाऊ, रविवारे दुपारले येस मी. गाडी धुईसन ठेवा. तुम्हले पाहिजे तं जत्रामाईन घोडा लई देस. तो पडस नही!”

हे हसले, पण डाव्या हाताने उजवं मनगट चोळत राहिले. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. गाडी गेली तर ते पुन्हा डोंगरात जाणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं. आणि ते का पडले हे मला कधीच कळणार नव्हतं. माझ्या हातात सहा दिवस होते.

घाटाखालच्या गावाचा बाजार होता त्या दिवशी मी रजा टाकली. घरी ‘बाजारात जाते’ एवढंच सांगितलं, ते खोटं नव्हतं. एसटीने पायथ्याशी गेले आणि तोरणमाळला परतणारी जीप धरली. जीप गच्च भरलेली, टपावर गोण्या आणि एक नवी लोखंडी कॉट. ड्रायव्हरने मला पुढे बसवलं. मी वही उघडली आणि वळणं मोजायला लागले.

“ताई, वळणं मोजता का?” ड्रायव्हरने विचारलं.

“हो.”

“मोजा, मोजा. कमी भरली तर सांगा. रात्रीतून कुणी चोरून नेलं असेल एखादं.”

मागच्या माणसांना त्याने हे त्यांच्या पावरी बोलीत सांगितलं असावं, कारण सगळी जीप हसली.

ते वळण जवळ आलं तशी त्याने जीप कडेला घेतली. मागची दहा-बारा माणसं आपोआप उतरली. बाया, बाप्ये, एक वाकलेली म्हातारी. सामान जीपमध्येच राहिलं.

“इथे उतरतात सगळे?”

“उतरत नाहीत. चढतात.” तो हसला. “इतकी माणसं घेऊन जीप हे वळण चढत नाही. जीप वळसा घालून येते, ते सरळ वर येतात. वर परत बसतात. पाहा जाऊन.”

मीही उतरले. रस्ता लांबून वळसा घेऊन वरच्या अंगाला जात होता, आणि डोंगराच्या उतारावरून एक पायवाट सरळ त्याच वरच्या रस्त्याला भिडत होती. वाट कसली, मुरमाची घसरगुंडीच. म्हातारी पुढे निघाली. मी तिच्या मागे, एका हातात वही, दुसऱ्या हाताने झुडपं धरत. मध्येच माझी चप्पल सरकली. पायाखालचे खडे सुटले आणि टणटण करत खाली गेले. मी वळून पाहिलं. ते रस्त्यावर पोचले आणि डोंगराच्या कडेला थांबले. तिथे आधीच खड्यांचा पट्टा पडलेला होता. दर बाजाराला, इतकी पावलं, इतकी वर्षं.

मी तिथेच उभी राहून हाताने दिशा लावून पाहिली. चढताना आपली बाजू दरीकडची. तिथून वळण रुंद, एक खडा नाही. उतरताना आपली बाजू डोंगराकडची. तिथून तेच वळण आवळलेलं, डावीकडे मुडपलेलं, आणि वळून सरळ होतो न होतो तोच चाकाखाली खडी. माझी तळटीप डावं-उजवं उलटं करायला सांगत होती. सोपं उलटं करायला ती सांगत नव्हती.

वर पोचले तेव्हा म्हातारी रस्त्यावर बसून हसत होती. जीप नंतर आली. “आजी मला दर बाजाराला हरवते,” ड्रायव्हर म्हणाला. मी त्याला विचारलं, “उतरताना इथे कसं येता?”

“पहिल्या गिअरवर. रिकामी जीप असली तरी. कोणालाही विचारा.”

मी कोणालाच विचारलं नव्हतं. मागे बसून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं, आणि मी प्रत्येक वेळी चढतानाच लिहिलं होतं. उतरताना थकवा येतो, म्हणून मी वही पिशवीत टाकून त्यांच्या पाठीला टेकून बसायची.

घरी आले तेव्हा ते अंगणात गाडी धूत होते. साडूसाठीच. मी वही त्यांच्यापुढे धरली.

“मी सोपं लिखं, म्हनीसन तुम्ही गाडी धीमी करी नही. बरोबर ना?”

“खडी व्हती.”

“खडी व्हतीच. आज मन्हा डोयाघाई देखी.”

त्यांनी नळ बंद केला. टाकी पुसायला लागले.

“मालेच वाटनं व्हतं धीमी करानी,” ते म्हणाले. “मंग कागदवर देखं. सोपं.”

“मंग वर्षभर सांगं का नही?”

“सांगतू तं तू वही बंद करी टाकती.”

 ते खरं होतं, मी वही बंद केली असती. मग मला पुढचंही उमगलं. यादी घेऊन घाटात जायची त्यांना भीती वाटत होती. आणि यादी न घेता निघाले असते तर मला कारण कळलं असतं. या दोन्हींतून सुटायला त्यांनी गाडीच विकायला काढली होती.

“रविवारे सकायले जाऊत,” मी म्हटलं. “साडू दुपारले येस. तवलोंग येऊत.”

 शनिवारी संध्याकाळी ते टायरमधली हवा तपासून आले.

रविवारी आम्ही घाट चढलो. तोरणमाळला तलावाकाठी चहा घेतला आणि लगेच परत फिरलो. यावेळी वही माझ्या मांडीवर उघडी होती आणि मी ओरडून वळणं सांगत होते. त्या वळणाआधी त्यांनी गाडी थांबवली. स्टँडवर लावली आणि चालत खाली गेले. खडी होती तिथे उभे राहिले, मग बुटाने ती बाजूला लोटायला लागले.

पायवाटेने एक माणूस सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन उतरत होता. त्याच्या पायाखालून मूठभर खडे सुटले आणि ह्यांनी साफ केलेल्या जागीच येऊन पडले.

“असू द्या भाऊ,” तो म्हणाला. “माझ्या मागे अजून तीन जण उतरताहेत.”

हे हसले. वर्षभरात असे हसलेले मी पाहिले नव्हते. ते वर आले, मला म्हणाले, “तू पायवाटघाई उतर,” आणि पहिल्या गिअरवर गाडी सोडली. मी झुडपं धरत उतरत होते, तेव्हा खालून इंजिनाचा आवाज एकसारखा येत होता, कुठेही न अडखळता. मी रस्त्यावर पोचले तर ते खडीच्या पुढे थांबून मागे बघत होते. तोंडावर वेगळंच काहीतरी होतं. आता पुढचं वळण कसं आहे, असं विचारणाऱ्या माणसाचं.

पायथ्याशी नेटवर्क आलं तसा त्यांनी साडूला फोन लावला.

“साडूभाऊ, निंघनात का? या, या, जेवाले या. फक्त परत जावानी बस देखी ठेवा.”