मी गाळलेलं पान

आमचे आप्पा भिंतीला खिळा मारण्याआधी तळहाताने तीनदा थापटत आणि पलीकडून कुणी ओ देईपर्यंत थांबत. स्वतःच्या घरची भिंत असली तरी. "कोन हाय का पल्याड?" पल्याड आईच असायची. ती वैतागून ओरडायची, "मीच हाय, मारा आता!"

आप्पा म्हणजे माझे वडील. शिरगावची भातशेती भावांवर टाकून ते दुसऱ्या महायुद्धात गेले, इंग्रजांच्या फौजेत, सुरुंग लावणाऱ्यांच्या तुकडीत. पूल बांधत आणि उडवत परमुलूख फिरले आणि परत येऊन अंबरनाथच्या सरकारी कारखान्यात गवंडीकामाला लागले. सुटीच्या दिवशी ते कॅम्पात जात. उल्हासनगर हे नाव कागदोपत्री आलं होतं, पण आमच्या तोंडी कॅम्पच. सैनिकांसाठी बांधलेल्या बराकींत फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आणून ठेवलेली, एकेका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मध्ये पोत्यांचे पडदे. त्या पडद्यांच्या जागी आप्पा विटेच्या भिंती घालून देत, फळ्या ठोकून देत. तिथेही तोच प्रकार. पलीकडे कुणी जेवत असलं तर त्यांचं आटपेपर्यंत हातोडा खाली. लोक हसत. मी नुकतीच शाळेत मास्तरीण झाले होते, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

बराकीतल्या एका सिंधी म्हातारीने, तिला सगळे अम्मा म्हणत, एकदा सरळच विचारलं, "दादा, दीवार से इजाजत क्यों माँगते हो?"

आप्पा म्हणाले, "खंडेनवमी को आव अम्मा. तब बताता."

खंडेनवमीचं कारण असं, की चौथी पास झालेल्या या माणसाने आपल्या सेनेचा इतिहास लिहायला घेतला होता. कुठली फौज कुठे उतरली, कुठल्या नदीवर किती दिवसांत पूल झाला, सगळं ओळंबा लावलेल्या भिंतीसारखं सरळ. कारखान्यातल्या जुन्या शिपायांना गाठून खात्री करून घेत. वाळवंट झालं, इटली झाली, आणि शेवटी ग्रीस. जर्मन निघून गेले होते आणि तिथले लोक आपापसातच बंदुका घेऊन उभे राहिले होते. आमची सेना त्या भाऊबंदांच्या लढाईत मध्येच जाऊन पडली, असं त्यांनी लिहिलं होतं. कारखान्याच्या वसाहतीत खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की दुपारी कार्यक्रम असे. त्यात आप्पांचा इतिहास वाचायचं ठरलं. उतरवून काढायचा मी आणि वाचायचाही मी. माझं अक्षर सुरेख होतं आणि मला त्याचा माज होता.

शेवटून दुसऱ्या पानावर माझा हात थांबला. गल्लीत गोळ्या चालत होत्या म्हणून सैन्य घराघरांतून पुढे न्यायचं होतं. एका घराची भिंत फोडायची, दुसऱ्या घरात शिरायचं, मग त्याची फोडायची. भिंती फोडायचं काम आप्पांचं. चौथ्या भिंतीमागे एक बाई दोन मुलांना घेऊन बसली होती. तिघांतलं कुणी वाचलं नाही. पुढे आप्पांच्या शब्दांत होतं: "बाई वळखीची. म्हैन्यामागं आम्ही आलो तवा तिनं माज्या हातावर मनुका ठेवल्या व्हत्या. भिंत फोडायच्या आधी मी हाक मारली नाही. मारायला पायजे व्हती."

मी रडले, हे खरं. पण रडून झाल्यावर मी ते पान गाळलं. सणाचा दिवस, साहेबलोक समोर, आणि आपल्या बापाने बायकामुलं मारली हे मी भर सभेत वाचू? त्या जागी एक वाक्य घातलं: "यानंतर शहरात शांतता प्रस्थापित झाली." मला ते फार भारदस्त वाटलं होतं. आज त्या वाक्याची शिसारी येते.

कार्यक्रमाला आप्पा धुतलेली टोपी घालून पहिल्या रांगेत बसले. अम्मा कॅम्पातून टांग्याने आली होती. समोर पाटांवर करवती, पान्हे, थाप्या, सगळ्यांना झेंडूची फुलं. वाचता वाचता ग्रीस आलं, तेव्हा आप्पांनी टोपी काढून मांडीवर धरली आणि मान खाली घातली. मी माझं भारदस्त वाक्य वाचलं. टाळ्या पडल्या. आप्पांनी वर माझ्याकडे पाहिलं, मग टोपी घातली. अम्माला त्यांनी टांग्यापर्यंत पोचवलं, पण भिंत थापटण्याचं कारण काही सांगितलं नाही.

घरी आल्यावर म्हणाले, "बाय, ते पान?"

"आप्पा, सणाला असलं वाचतात का?"

"सनालाच वाचायचं व्हतं. हत्यारं समोर व्हती ना."

रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांनी वह्या फडक्यात बांधून माळ्यावर टाकल्या आणि पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही. भिंती मात्र थापटत राहिले. तिसऱ्या वर्षी कावीळ होऊन गेले. तोवर कितीतरी संध्याकाळी मोकळ्या होत्या. आप्पा, बसा, मी ते पान वाचते, एवढंच म्हणायचं होतं. आज म्हणू, उद्या म्हणू करत मी ते टाळलं.

दिवस-कार्य उरकल्यावर मी माळ्यावरून वह्या काढल्या आणि कॅम्पात गेले. अम्मा आप्पांनीच घातलेल्या भिंतीला टेकून पापड लाटत होती. माझ्या मोडक्या हिंदीत मी तिला ते पान सांगितलं, शेवटच्या ओळीपर्यंत. तिचं लाटणं थांबलं. तिने पिठाचा हात पदराला पुसला आणि मागे वळून त्या भिंतीवर ठेवला.

"बेटी," ती म्हणाली, "यह उसके सामने पढ़ना था."