माझ्या लसीचे विरोधक गावंडे गुरुजी

नेरच्या बसस्टँडवर शोभाताई भेटल्या. माझ्या जुन्या उपकेंद्राच्या गावातल्या अंगणवाडी सेविका. हातातली पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, “बाई, आपले गुरुजी गेले. परवा.” माझी यवतमाळची बस सुटली तरी मी तिथंच बसून राहिले... ‘आपले’ या शब्दानं मला रडू आलं. कारण त्या गावात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा गावंडे गुरुजींइतका विरोध मला दुसऱ्या कुणीच केला नव्हता.

कापसाचे ते पडते दिवस होते. बोंडअळीनं लागोपाठ दोन वर्षं पऱ्हाटी खाल्ली होती आणि बाहेरून येऊन काही सांगणाऱ्या कुणावरच गावाचा भरवसा उरला नव्हता. त्यात मी लशींचा डबा घेऊन उतरलेली कळंबची पोर. पहिल्याच लसीकरणाला निवृत्त शिक्षक गावंडे गुरुजी मारुतीच्या पारावर उभे होते, हातात रद्दीत सापडलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक. शंभर वर्षांपूर्वी विलायतेतल्या आईबापांनी लस नाकारली, दंड भरले, तुरुंगात गेले, हे ते बायांना समजावत होते. “गोऱ्यायनं जे नाकारलं ते आपण कायले टोचून घ्यायचं?” बाया लेकरं कडेवर घेऊन परतल्या.

तिसऱ्या महिन्यात मी सरळ त्यांच्या घरी गेले. विचारलं, “गुरुजी, तुम्हाले लसीचा एवढा राग काहून?” त्यांनी मुलाला हाक मारली. सुधाकर, चांगला तरणाताठा, पण लंगडत आला. तो लहान असताना कुठल्याशा शिबिरात एकाच सुईनं लेकरांची अख्खी ओळ टोचली होती. त्याच्या मांडीत गळू झालं, पाय कायमचा अधू झाला. “मी म्हणत होतो, सुई उकळा. तं मले म्हणे, मास्तर, तुम्ही पाढे शिकवा.” मी बरंच काही बोलायचं ठरवून गेले होते. तोंडून एवढंच निघालं, “चुकलं आमचं, गुरुजी.” ते म्हणाले, “इतक्या वर्षांत हे कोणी म्हटलं नाही, बाई.”

म्हणून विरोध संपला असं नाही. पुढच्या वेळी ते अंगणवाडीत येऊन बसले आणि मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी माझ्या स्टोव्हपाशी ठेवलं. मी भांड्यातली सुई उचलायला गेले की, “वीस मिनिटं नाही झाले अजून.” मला राग यायचा, अपमान वाटायचा. पण आज कबूल करते, सुई हाती धरण्याची शिस्त मला कुठल्या प्रशिक्षणानं नाही, गुरुजींच्या नजरेनं लावली. ते बसलेत म्हटल्यावर काही बायाही धीर करून येऊ लागल्या. सुधाकरची दोन वर्षांची पल्लवी मात्र कधी आली नाही. गुरुजींच्या शब्दावर थांबलेली आणखीही काही घरं होती.

आणि एका उन्हाळ्यात गोवर आला. भर दुपारी गुरुजी अनवाणी माझ्या दारात. “बाई, पोरीले श्वास घेता येऊन नाही राह्यला. चाला.” जीप मिळवून आम्ही तिला यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी तिनं पेज मागितली. पल्लवी वाचली, पण एक कान गेला. त्या संध्याकाळी व्हरांड्यात गुरुजी म्हणाले, “घाण सुई होती, बाई. मी लसीले शिव्या देत राह्यलो.” आम्ही दवाखान्यात असतानाच निरोप आला होता, गावातल्या विमलचा लहान मुलगा गोवरानं गेला. गुरुजींचं ऐकून तिनं त्याला लस दिली नव्हती.

गावात उतरल्यावर गुरुजी स्वतःच्या घरी न जाता विमलच्या अंगणात गेले. मी सोबत होते. “विमल, माह्यामुळे झालं. मी तुले चुकीचं सांगतलं.” तिनं दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उरलेली घरं धरली. प्रत्येक उंबऱ्यावर तेच, “मी चुकलो. लेकरू घेऊन या.” जन्मभर ज्या गावानं गुरुजी म्हटलं, त्याच गावापुढे असं म्हणायला काय लागत असेल... त्यांच्यासोबत मला फिरता आलं, हे मी माझं भाग्य समजते.

विमल वर्षभर गुरुजींशी बोलली नाही. मग तिची धाकटी नऊ महिन्यांची झाली. त्या दिवशी ती लेकीला घेऊन अंगणवाडीत आली, माझ्याकडे न येता गुरुजींपुढे थांबली. विमलनं पोरगी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, “धरा नीट.”

गुरुजींनी तो इवलासा दंड दोन्ही हातांनी धरला. मी सुई टोचली. पोरगी रडली, तिच्यासंगं गुरुजीही. विमलनं पदरानं लेकीचे डोळे पुसले. मग कोपऱ्यातल्या माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि गुरुजींच्या हाती दिलं.